समुद्राची ओटी

मथुराबाईनं तुळजापुरातून हिरवा खण आणला तो समुद्रासाठी.

लेकीनं, हर्षालीनं, पुण्याहून फोन करून सांगितलं होतं की थंडीत तुम्हा दोघांना जहाजातून बेट बघायला नेणार आहे, तिकिटं काढली आहेत. तामलवाडीच्या त्या घरात मग दुसरा विषय उरला नाही. नदी ओलांडायची म्हणजे नदीची ओटी भरायची, हे मथुराबाईचं लहानपणापासूनचं वळण. भीमा असो, सीना असो, ती गाडी थांबवायला लावायची, खाली उतरायची आणि घोटाभर पाण्यात उभी राहून खण, नारळ, मूठभर गहू पाण्याला द्यायची. आता एवढा समुद्र ओलांडायचा तर त्याची ओटी नको?

"समुद्राची ओटी कुनी भरत असतंय व्हय?" बलभीम म्हणाला होता. "तो काय बाईमानूस हाय?"

"सगळ्या नद्या त्याच्यातच जात्यात न्हवं? त्यांची म्हनून भरायची. तुमाला काय कळतंय त्यातलं."

श्रावणात तिला ताप आला. सोलापूरच्या दवाखान्यात नेली आणि तिथंच ती गेली. खण पेटीत घडी घातलेला राहिला.

तेरावं झाल्यावर हर्षाली पुण्याला निघाली, तेव्हा उंबऱ्यात येऊन जरा थांबली. ओढणी सावरून नुसती उभी राहिली.

"काय विसरलीस का?" बलभीमनं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

तिकिटं परत करू, असं तीच म्हणत होती. दिवाळी सरल्यावर बलभीमनं आपण होऊन फोन लावला आणि जायचं म्हणून सांगितलं. भावकीत कुजबुज झाली. चुलतभाऊ कोंडिबा तर पारावर चारचौघांत म्हणाला, "बायकोचं वर्सशिराद व्हायचं हाय अजून, अन् आमचा बलभीम निघाला जहाजात हिंडाया." बलभीमनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हिंडायला जात नाही, एवढं सांगता आलं असतं. पण मग कशाला जातोस, हेही सांगावं लागलं असतं. पांढऱ्या मिशांचा गडी समुद्राची ओटी भरायला निघालाय म्हटल्यावर गाव वर्षभर हसलं असतं.

खण, घरचे गहू, हळदकुंकवाची पुडी, सुपारी, हळकुंड आणि एक नवा नारळ. मथुराबाईच्या नेसून मऊ झालेल्या लुगड्याचा पदर त्यानं कापून घेतला आणि त्यात हे सगळं बांधलं. मुंबईला बंदरात तपासणीवाल्यानं गाठोडं उघडून बघितलं, नारळ कानाशी हलवला आणि हसून परत दिला.

जहाज कसलं, पाण्यावर उभी केलेली चाळ होती. बलभीमला त्यातलं काही गोड लागलं नाही. पहिल्याच दिवशी तो कठड्याशी जाऊन खाली वाकला. पाणी फार खाली होतं. गावातली सगळ्यात खोल विहीर कोरडी पडली तरी तिचा तळ एवढा लांब दिसत नव्हता.

"आबा, इथून काय टाकू देत न्हाईत," हर्षाली मागून म्हणाली. गाठोड्यात काय आहे ते तिला न सांगता कळलं होतं.

"टाकायचं न्हायच. ओटी वरून फेकत्यात व्हय? वाकून भरत्यात. किनाऱ्यावर उतरल्यावर बगू."

जेवणाच्या टेबलाशी त्यांना उमरग्याकडचे माणिकप्पा आणि त्यांची बायको श्रीदेवी भेटले होते. माणिकप्पांचं किराणा दुकान होतं आणि तोंड दुकानासारखंच सकाळपासून उघडं. श्रीदेवीबाई मायाळू होत्या. बलभीमच्या मांडीवरचं गाठोडं बघून त्यांनी विचारलं, आणि कळल्यावर डोळ्याला पदर लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज थांबलं. लांबवर माडांची एक हिरवी रेघ दिसत होती. भोंग्यातून सूचना झाली. बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत, त्यामुळं जहाज काठाला लागणार नाही. लोकांना टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेलं जाईल. आज लाटा आहेत, बोटीत पाऊल टाकणं ज्यांना जमणार नाही त्यांनी जहाजावरच थांबावं.

"टेंडर?" माणिकप्पा म्हणाले. "आमच्या उमरग्यात टेंडर निघालं की रस्ता पाच वर्सं होत न्हाय. आज किनारा दिसतोय का बगा, बलभीमराव."

खाली जहाजाच्या पोटात एक मोठं दार उघडलं होतं. दाराबाहेर लोखंडी फळी आणि फळीला लागून नारिंगी बोट. बोट हातभर वर यायची, थांबल्यासारखी करायची आणि भसकन खाली जायची. सगळ्यांच्या अंगात फुगीर जाकिटं घातली होती. फळीवर एक दांडगा खलाशी उभा होता. येणाऱ्याचे दोन्ही हात कोपरापाशी धरायचा, बोट वर येईपर्यंत थांबवायचा आणि "अब!" म्हणून पलीकडच्या खलाशाच्या हवाली करायचा.

"अय्यो, अय्यो," करत श्रीदेवीबाई गेल्या. त्यांच्यामागं माणिकप्पा. मग बलभीमची पाळी आली. त्यानं एक हात पुढं केला. दुसऱ्या हातानं गाठोडं छातीशी धरलेलं.

"दोनों हाथ, बाबा," खलाशी म्हणाला. "सामान इधर दो, मैं अंदर फेंक देता हूँ."

फेकतो म्हटल्यावर बलभीमचा हात आणखी आवळला.

"फेकायचं न्हाय ते."

"तो उनको पकड़ा दो. जल्दी, बाबा, पीछे लाइन है."

"अण्णा, हिकडं द्या माझ्याकडं," बोटीतून श्रीदेवीबाईंनी दोन्ही हात पसरले. "म्या भरते की किनाऱ्यावर. सवाष्ण हाय मी, काय हरकत न्हाय!"

बोलणं बरोबर होतं. ओटी भरायची ती सवाष्णीनंच. बाप्यानं नव्हे, त्यात बायको गेलेल्या बाप्यानं तर नव्हेच. कोंडिबाला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं. बलभीमला ते पटलं, तरी त्याचा हात काही पुढं जाईना. तो तसाच, एका हातानं खलाशाला धरून, पाऊल टाकायला गेला. नेमकी त्याच वेळी बोट खाली गेली. पाय अधांतरी राहिला, लोखंडावर नडगी आपटली, आणि खलाशानं त्याला जाकिटाला धरून मागं ओढला.

पांढऱ्या कपड्यातला साहेब पुढं आला. "बाबा नहीं जाएँगे. साइड में बैठाओ."

हर्षालीही रांगेतून बाजूला झाली. बोट गेली. श्रीदेवीबाई लांब जाईपर्यंत मागं वळून बघत होत्या.

दोघं भिंतीजवळच्या बाकावर बसले. हर्षालीनं वाकून बापाची नडगी बघितली. खरचटलं होतं, फार नाही.

"द्यायचं होतं त्यांच्याकडं," ती म्हणाली. "चांगल्या हायेत त्या. मनापासून म्हनत होत्या."

"व्हय."

"मग? आता हिथंच बसायचं का गाठोडं घेऊन? एवढं आलो कशाला आपन?" तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "न्हायतर माझ्याकडं तरी द्यायचं."

"तुझा बी एक हात अडकला असता की," बलभीम म्हणाला. मग नडगी चोळत बोलला, "तिनं कवा दुसरीच्या हातून भरली व्हती का? पाऊस असो, चिखल असो, आपन उतरायची. म्या गाडीत बसून वरडायचो, आटप म्हनून. एकदा सुदीक तिच्यासंगं पान्यात उतरलो न्हाय."

दुसरी बोट लांबून परत येताना दिसत होती. तीच आजची शेवटची, असं रांगेतलं कुणीतरी म्हणत होतं.

बलभीम हातातल्या गाठोड्याकडं बघत बसला. लुगड्याच्या पदराला काठाशी जुनी मळकट घडी पडलेली होती. वर्षानुवर्षं एकाच जागी गाठ मारून पडलेली. ती घडी त्याच्या ओळखीची होती. पेरणीला तो पुढं तिफण धरायचा आणि मथुराबाई मागं चाडं धरायची. बी तिच्या कमरेला, ओटीत बांधलेलं. एका हातानं चाडं सांभाळायची, दुसऱ्यानं त्याच्या तोंडात मूठ मूठ बी सोडायची. ढेकळातून ठेचकाळत, पोटाशी एवढं ओझं घेऊन, दिवस मावळेपर्यंत. दोन्ही हात कामाला मोकळे पाहिजेत म्हणूनच तर बी ओटीत असायचं.

तो उठला. त्यानं गाठोडं बाकावर सोडलं, पदर लांब पसरला, नारळ मधे, गहू त्याच्या कडेनं, खण वर, असं सगळं नीट लावलं. मग दोन्ही टोकं कमरेमागं नेली.

"गाठ मार गं. पेरनीला मारतीया तसली. सुटाया नको."

हर्षालीनं एकदा बापाच्या तोंडाकडं बघितलं. मग खाली बसून तिनं गाठ मारली, ओढून बघितली, आणि परत एक मारली.

फुगीर जाकिटाखाली पोट पुढं आलं. रांगेतल्या मुंबईकडच्या पोरांच्या टोळक्यात खसखस पिकली. "काका, गुड न्यूज आहे का?" त्यातला एक म्हणाला.

"व्हय," बलभीम म्हणाला. "नववा लागलाय. जरा वाट द्या."

पोरं खळखळून हसली आणि खरोखरच बाजूला सरली. खलाशानं त्याला ओळखलं. तो साहेबाकडं बघणार, तेवढ्यात बलभीमनं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून. खलाशानं त्याच्या पोटाकडं पाहिलं, आणि साहेबाकडं न बघताच कोपरं धरली.

"रुको, बाबा. रुको..."

बोट खाली गेली. वर येऊ लागली. बलभीमनं पाण्याकडं बघितलं नाही, बोटीच्या काठाकडं बघितलं.

"अब!"

आणि तो पलीकडं होता.

खडकांच्या आतलं पाणी अगदी शांत निघालं, तळाची वाळू दिसावी इतकं. धक्क्यावर माणिकप्पा वाट बघत उभेच होते. "आलं का टेंडर पास होऊन!" असं ते ओरडले. मग कमरेचं ओझं बघून म्हणाले, "बलभीमराव, एवढ्या माडांच्या बेटावर तुमी तुळजापूरचा नारळ घेऊन आलाव. धन्य हाय तुमची."

"गप बसा की वो," श्रीदेवीबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि त्यांना हाताला धरून बाजूला घेऊन गेल्या.

धक्क्यापासून जरा लांब, वाळूवर बलभीमनं चपला काढल्या. हर्षालीनं मागची गाठ सोडवली. तिथं राखणीला बसलेला बेटावरचा एक माणूस उठून आला. त्यानं पदरात काय आहे ते बघितलं आणि अडखळत्या हिंदीत म्हणाला, "नारियल चलेगा, गेहूँ चलेगा. कपड़ा नहीं डालना. कछुआ खा लेता है, मर जाता है."

बलभीमनं मान हलवली. खण त्यानं खांद्यावर टाकला आणि घोटाभर पाण्यात गेला.

आपल्याला काय म्हणायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती ओठांतल्या ओठांत पुटपुटायची, आणि तो गाडीत बसलेला असायचा. त्यानं पाण्याला हळदकुंकू वाहिलं. सुपारी, हळकुंड सोडलं. मग वाकून, ओंजळ पाण्याला टेकवून गहू सोडले, आणि नारळ हलकेच पुढं लोटला.

"मथुरानं दिलंय," तो म्हणाला. "घ्या."

नारळ थोडा डुलला आणि बाहेर निघाला. गहू बुडाले. एक लहान लाट आली, पायांवरून गेली, परत फिरली, आणि त्याच्या पावलाशी वाळूत काही दाणे ठेवून गेली. ओटी घेणारीनं चार दाणे देणारीला परत द्यायचे असतात, म्हणजे देणारीचं घर रितं होत नाही, हे मथुराबाई हर्षालीला शिकवताना त्यानं ओसरीवरून ऐकलं होतं. तो वाकला आणि वाळूसकट दाणे उचलले.

खांद्यावर खण होता. हातात ओले दाणे. तो मागं वळला.

हर्षाली काठावर ओढणी सावरून उभी होती. उंबऱ्यात उभी राहिली होती तशीच. माहेराहून निघताना आईनं लेकीची ओटी भरायची असते. लग्न झाल्यापासून एकदाही ती रित्या ओटीनं निघाली नव्हती. त्या दिवशी उंबऱ्यात ती कशासाठी थांबली होती ते बलभीमला आत्ता, इथं, घोटाभर खाऱ्या पाण्यात उभं राहिल्यावर कळलं.

"हिकडं ये," तो म्हणाला. "पसर."

"आबा... तुमी?"

"आता म्याच हाय. पसर."

तिनं ओढणी पसरली. त्यानं तिच्यात हिरवा खण ठेवला आणि त्यावर दाणे घातले, वाळू लागलेले, तसेच. लांबवर श्रीदेवीबाई हे बघत होत्या. त्यांनी माणिकप्पांच्या दंडाला धरून त्यांचं तोंड माडांकडं वळवलं.

डोळे पुसून हर्षालीनं ओढणीतले थोडे दाणे वेचले आणि बापाच्या तळहातावर ठेवले.

परतीच्या बोटीची शिट्टी झाली. बलभीमनं ते दाणे पदराच्या कोपऱ्यात बांधले, पदर कमरेला गुंडाळला आणि मागं गाठ हर्षालीला मारायला सांगितली. जहाजापाशी आल्यावर बोट पुन्हा वरखाली होऊ लागली. दारातून तोच खलाशी वाकला. त्यानं काही सांगायच्या आत बलभीमनं दोन्ही हात पुढं केले.