आधी पत्ता

मार्लीन हचिन्स कॅमेऱ्यावरून लोकांना समुपदेशन करायची. परवाना अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा. समोरचा माणूस नदी ओलांडून शेजारच्या केंटकी राज्यात गेला की बोलायला बंदी. म्हणून बाईंचा पहिला प्रश्न कायम एकच, "आत्ता कुठे आहेस?"

मागच्या मंगळवारी रोंडा नावाची पोरगी खरं बोलली होती. "नवऱ्यानं बरगडी मोडली, मॅडम. नदीपलीकडे बहिणीकडे पळून आलेय."

"मग मला बोलता येणार नाही गं. तिकडच्या कुणाचा तरी नंबर पाठवते," म्हणत मार्लीननं तिसऱ्याच मिनिटाला स्क्रीन बंद केला. पोरगी रडतेय, तरी बंद! नियमच आहे तो, तिचं काय चुकलं, असं म्हणणाऱ्यांनी पुढचं ऐकावं.

या मंगळवारी रोंडा पटकन म्हणाली, "घरीच आहे, ओहायोत. सिनसिनाटी, एकशे बारा, एल्डर रस्ता."

तिच्या मागची पिवळी भिंत मार्लीननं याआधी कधी पाहिली नव्हती. पण पत्ता मिळाला होता. तिनं फॉर्मवरच्या चौकटीत खूण केली आणि म्हणाली, "बोल."

रोंडानं तोंड उघडलं तोच मागचं दार फुटलं. तिचा नवरा ड्वेन पहार घेऊनच आत आला. "त्या भवानीपुढे माझी अब्रू काढतेस?" त्यानं केस धरून तिला खुर्चीवरून ओढलं आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. दात तुटून लॅपटॉपवर पडला.

मार्लीननं पोलिसांना फोन लावला, एल्डर रस्ता सांगितला. "पोलीस निघालेत रे, सोड तिला!" ती स्क्रीनवर ओरडली. ड्वेननं मान वर करूनही पाहिलं नाही. पहार रोंडाच्या गुडघ्यावर बसली, मग कोपरावर.

पाच मिनिटांनी फोनवर पोलीस म्हणाला, "बाई, या घराला कुलूप आहे. आत कुणी नाही."

"रोंडा! कुठे आहेस तू? पत्ता सांग गं!"

रक्तानं भरलेलं तोंड कॅमेऱ्याकडे वळलं. "बहिणीकडेच... खरं सांगितलं असतं, तर तुम्ही बंद केलं असतं ना..."

पहार डोक्यावर आली. पुढं रोंडा बोलली नाही.

दहा दिवसांनी मार्लीन पुन्हा कामाला बसली. समोर सुजलेल्या डोळ्याची एक अनोळखी बाई होती.

"आत्ता कुठे आहेस?"

बाई अडखळली. मार्लीननं परवान्याची चौकट भिंतीवरून उतरवून पालथी ठेवली.

"खरं सांग, बाळा. कुठेही अस, मी बंद करणार नाही."