दाराला अडकवलेली पिशवी

"मॅडम, तुम्ही फळं ऑनलाइनच का घेता? भाव, ताजेपणा, घरपोच सेवा की वेळेची बचत?" फळांच्या ॲपकडून आलेल्या फोनवरची मुलगी पाठ केल्यासारखी विचारत होती.

दीपमालाचा एक हात खिरीच्या पातेल्यात डाव फिरवत होता. "वेळ वाचतो," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

वेळ! कसला डोंबलाचा वेळ! शेखरराव गेल्यापासून वेळ तिला खायला उठत होता. खाली उतरून द्वारका चौकाच्या दिशेनं जरा चाललं की अंबूबाईची फळांची गाडी. संसार मांडल्यापासून या घरात फळ आलं ते तिथलंच. पण त्या गाडीकडे आता तिचं पाऊल वळत नव्हतं, हे त्या मुलीला काय कप्पाळ सांगायचं?

मागच्या वर्षी याच दिवसांत एक सीताफळ आतून किडकं निघालं होतं. शेखरराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आणि फळाच्या बाबतीत भारी चिवट. किडकं फळ पिशवीत घालायचं, अंबूबाईला दाखवायचं आणि दुसरं घेऊन, चार गप्पा मारून यायचं, हा त्यांचा शिरस्ता. "एवढ्याशा फळापायी भर उन्हात?" दीपमाला करवादली. ते ऐकेनात, तशी म्हणाली, "जा, आणि तिथंच बसा आता!"

तासाभरात निरोप आला. गाडीपाशीच त्यांचं हृदय बंद पडलं होतं.

ते शब्द तिनं कुणालाही सांगितले नव्हते. लेकीला, तेजस्विनीलासुद्धा नाही. पण शेखरराव जाण्याआधी अंबूबाईशी बोलले असणारच. रागात होते का? मनाला लावून घेऊन गेले का? हे जगात त्या एका बाईला ठाऊक होतं, आणि तिला टाळायला दीपमाला लांबचा रस्ता धरायची.

म्हणून ते ॲप. फळ खराब निघालं तर फोटो पाठवायचा, बदलायला कुणाला उन्हात जावं लागत नाही. पण सुटका तिथंही नव्हती. डिलिव्हरीवाला बेल वाजवून, पिशवी कडीला अडकवून निघून जायचा. शेखररावही आधी पिशवी कडीला अडकवायचे, मग चपला काढायचे. बेल वाजली की दरवेळी तिच्या तोंडून "आले!" निघून जायचं. दार उघडावं, तर पिशवी हलत असायची आणि जिना रिकामा. मग ती बराच वेळ दार उघडंच ठेवायची.

आज त्यांचं वर्षश्राद्ध. पिशवीत मात्र सीताफळांऐवजी गराचा गोठलेला डबा निघाला. ताजं फळ संपलं म्हणून पर्याय पाठवलाय, असा मेसेज होता.

"आई, फोटो काढ, पैसे परत देतात," पुण्याहून आलेली तेजस्विनी म्हणाली.

"आणि तुझ्या बाबांच्या पानावर काय हा बर्फाचा दगड वाढू? बिया चोखल्याशिवाय त्यांना सीताफळ खाल्ल्यासारखं वाटायचं नाही."

"मग मी आणते खालून."

"नको," दीपमाला म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "मीच जाते."

अंबूबाई वर्षभरात पार वाळली होती. तिनं ओळखलं, पण एरवीसारखं "या वहिनी" म्हणाली नाही. खाली मान घालून सीताफळं चाचपत विचारलं, "आज खायचंय का उद्याला?"

"आजच. वर्षश्राद्ध आहे."

अंबूबाईचा हात थांबला. दीपमालानं गाडीची कड घट्ट धरली. "अंबूबाई, खरं सांगा. ते त्या दिवशी रागात होते का हो?"

"राग? नाय ओ वहिनी! लय हसत होते. म्हणले, घरून हुकूम झालाय, इथंच बसायचं. मंग मी खोकं पुढं केलं, तर बसले. पाणी मागितलं. मी तांब्या भरला, वळून बघते तर…" अंबूबाईनं पदर तोंडाला लावला.

"मीच म्हटलं होतं तसं," दीपमाला म्हणाली. वर्षभर कुणाला न सांगितलेलं एकदाचं बाहेर पडलं, आणि ती भर रस्त्यात ढसाढसा रडली.

"मी बी वरीसभर तेच घोकतेय," अंबूबाई म्हणाली. "खोकं दिलं नसतं, उभ्या-उभ्या फळ बदलून घरी धाडलं असतं, तर तुमच्यापाशी तरी पोचले असते. तुम्ही यायच्या बंद झाल्या. म्हणलं, वहिनी आपल्यालाच दोष देत्यात."

"अगं बाई! तुम्हाला कशाला देऊ?"

रिक्षावाले हॉर्न वाजवत बाजूनं जात होते. मग अंबूबाईनं मऊ बघून फळं निवडली. ती देताना चाचरत म्हणाली, "वहिनी, मी आले तर चालंल का? लांबूनच हात जोडते."

"लांबून कशाला? जेवायलाच चला."

शेजारच्या केळीवाल्या केरूला गाडीकडे बघायला सांगून अंबूबाई निघाली. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि फोटोसमोर उभी राहिली.

"भाऊ, यायला उशीर झाला," ती म्हणाली.

तेजस्विनीनं आईकडे पाहिलं. दीपमाला तिला सगळं सांगणार होती. पण गुरुजी खोळंबले होते, आणि त्याआधी आणखी एक पान मांडायचं होतं.