पहिली हाक

मोबाइलच्या जमान्यात माझा भाऊ बाळा घाटकोपरच्या आमच्या खोलीत रेडिओवाला जुना टेपरेकॉर्डर घेऊन आला, हातात मावेल एवढा. रेडिओवर नुसती खरखर! मी वैतागले, "भंगार आहे रे, फेकून दे."

"रेकॉर्डिंग तर बघ ना, यार!" त्याने कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं. आम्ही दोघं जरा वेळ गप्प बसलो.

मग त्याने कॅसेट मागे घेऊन लावली. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि त्या खरखरीतून आईची हाक, "बाळाऽ!" आईला जाऊन वर्ष झालं होतं.

"ओ!" बाळा सवयीने बोलून गेला.

मी त्याच्या तोंडावर हातच मारला. "मूर्खा, तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, हे आईनेच शिकवलं ना? माणूस तीनदा हाक मारतं, बाहेरचं एकदाच."

तो कसनुसा हसला आणि त्याने कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली. पंखा, शिट्टी, हाक. हाकेमागून बाळाचा "ओ!"

रेकॉर्डचं बटण तर आम्ही परत दाबलंच नव्हतं.

मग खरखर थांबली आणि आई अगदी स्वच्छ बोलली, "मग चल."