तांब्याभर गार पाणी

आबाजी डॉक्टरांनी गार पाण्याचा तांब्या उचलला, आणि उंबऱ्यात उभी असलेली जना ओरडली, "वतू नका!"

डॉक्टरांवर ओरडायची दवाखान्यात कुणाची टाप नव्हती, आणि जना तर तिथली पाणी तापवणारी बाई. पण टेबलावर तिचा नवरा धाऊ होता. भिवपुरीजवळच्या खाणीत सुरुंगाची लोखंडी कपची त्याच्या पोटरीत घुसली होती आणि पाय काळा पडत चालला होता. कपची हाडात असेल तर पाय कापायचा, मांसात असेल तर ती काढायची. हे सांगू शकणारं एकच यंत्र होतं, क्ष-किरणांचं, आणि डॉक्टरांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता.

त्यातली काचेची नळी पाहण्यासारखीच होती. आतला धातूचा तुकडा भयंकर तापायचा, आणि त्याच्या पाठीशी बसवलेल्या पेल्यातलं पाणी तो सगळा ताप अंगावर घेऊन उकळत राहायचं. पहिल्या फोटोला धाऊ हलला. दुसऱ्याच्या वेळेला पेल्यातलं पाणी तळाला गेलं. नळी निकामी झाली तर नवी परदेशातून यायला महिना लागला असता, आणि धाऊकडे एक दिवसही नव्हता.

"पाणी आटलंय, दिसत नाही?"

"दिसतंय. पन तापल्या मडक्यात गार पानी वतलं का मडकं तडकतं. ही तर काच हाय. उकळतं आनते."

डॉक्टरांनी तांब्या खाली ठेवला. इतकी साधी गोष्ट घाईत आपण विसरलो, याची त्यांना लाज वाटली.

जना चुलीवरची किटली घेऊन धावत आली. डॉक्टरांनी फडक्याने धरून बारीक धारेने पेला भरला. पाणी खदखदलं, काच शाबूत राहिली. या खेपेला धाऊने श्वासही रोखून धरला.

काही वेळाने डॉक्टरांनी फोटोची ओली काच खिडकीपाशी धरली.

"हाडाला धक्का नाही. पाय राहील."

"जने, ऐकलंस का गं?" धाऊ म्हणाला.

"ऐकलं रं," म्हणत ती भिंतीला टेकून खाली बसली.

तेव्हा कुठे डॉक्टरांना तिचा उजवा तळवा दिसला. किटलीच्या कडीने तो आडवा भाजला होता, फोड टरारले होते. फडकं शोधायला ती थांबलीच नव्हती.

डॉक्टरांनी तो तांब्या उचलला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"हात पुढे कर."

"गार हाय त्ये, डाक्टर."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि तिच्या तळव्यावर सावकाश धार धरली.