देवदूतांचा वाटा

"आणि मग त्या डोनाल्डने काय केलं?" हॉलमध्ये मित्रांना रंगवून सांगता सांगता पुरुषोत्तमने विचारलं.

'गुहेतली चोरटी भट्टी मोडली नि रीतसर लायसन काढलं,' कोथिंबीर वडी उलटता उलटता पद्मिनीने मनातच उत्तर दिलं. अमेरिकेतल्या या पार्सिपनीत दर शनिवारी हेच. त्या डोनाल्डने काढलेल्या ग्लेन टॉरा नावाच्या स्कॉटिश डिस्टिलरीचा इतिहास पुरुषांनी बसून सांगायचा, बाईने तळणाशी उभं राहून ऐकायचा. एवढे समुद्र ओलांडून बदललं काय, तर गॅस जाऊन विजेचा स्टोव्ह आला!

इतिहास सांगून पुरुषोत्तम, तिचा नवरा, पाजायचा मात्र स्वस्तातली व्हिस्की. खरी ग्लेन टॉरा शोकेसमध्ये, पत्र्याच्या डब्यात. मॅनेजर होईपर्यंत डब्याला कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा पण.

आज, चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, तो मॅनेजर झाला होता. पद्मिनी स्वयंपाकघराच्या दारातून डब्याकडे पाहत होती.

त्याने डबा उघडला. बाटली अर्धी!

"लीक झाली काय यार?" त्याचा मित्र उल्हास म्हणाला.

"बूच उघडलंय कुणीतरी. गेल्या महिन्यात नळ दुरुस्तीला आलेल्या त्या प्लंबरचंच काम! आत्ता कंपनीला फोन करतो. नोकरीच घालवतो साल्याची."

पुरुषोत्तमने फोन उचलला, तशी पद्मिनी पदराला हात पुसत बाहेर आली.

"ठेवा तो फोन. मी प्यायले."

"तू?"

"दर शनिवारी एक चमचा. पिंपातली थोडी दरवर्षी उडून जाते, तो देवदूतांचा वाटा, असं तुम्हीच सांगता ना? तळून तळून कंबर मोडली की माझा वाटा मी घेत होते."

पुरुषोत्तमने फोन खाली ठेवला. उल्हासला मात्र हसू आवरेना.

"वहिनी, चव कशी आहे?"

"आधी धूर. मग मागून मध."

त्याने अदबीने तिच्यासाठी ग्लास भरला. रिकामी खुर्ची एकच होती, पुरुषोत्तमची. ती तिच्यात बसली.

आतून करपल्याचा वास आला. सगळ्यांनी पद्मिनीकडे पाहिलं. पद्मिनीने ग्लासाकडे पाहिलं. शेवटी मॅनेजरसाहेब उठले.

"अगं, झारा कुठे असतो?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

तिने घोट जिभेवर घोळवला.

"तर काय झालं, उल्हासभावजी, ग्लेन टॉराच्या भट्टीवरच्या जुन्या तांब्याच्या भांड्याला एक पोचा होता. चव बदलू नये म्हणून नवीन भांडं घडवलं, तेव्हा हातोडीने ठोकून तस्साच पोचा पाडला..."

"पद्मिनी, झारा!"

"...अगदी त्याच जागी," पद्मिनी म्हणाली.