शनिवारची वाफ

नसती उठाठेव, दुसरं काय! आकाशातून गोठलेल्या तळ्यात दगड पडला, तर बर्फ फोडून तो बाहेर काढायला सगळ्यांत आधी कोण धावलं? सायमीचा नवरा, ओइवा. आता त्याच्या कानामागे पांढरे धागे उगवले होते, मानेत शिरले होते, आणि तो भिंतीकडे तोंड करून मुका पडला होता.

"ही बुरशी पृथ्वीवरची नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "ओइवांना गारठ्यात ठेवा, कोरडं ठेवा. ऊब आणि ओल अजिबात नको."

शनिवारी दुपारी ओइवा अचानक बोलला. "सायमे, सौना तापव की गं. हाडं गारठली."

सायमीला रडूच फुटलं. आवाज त्याचाच, कुरकुरही त्याचीच! डॉक्टरीणबाई गेल्या खड्ड्यात. आमच्याकडे बाळंतपणं सौनात, त्या लाकडी वाफघरात झाली, मेलेली माणसंही तिथेच धुतली. ज्याला वाफेनं उतार पडत नाही त्याला कशानंच पडत नाही, असं तिची आई सांगायची. तिनं भट्टी पेटवली, भरपूर लाकडं कोंबली आणि नवऱ्याला धरून वरच्या फळीवर बसवलं.

पाण्याचं पहिलं ओगराळं भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पडलं. चर्र झालं. ओइवा हसला. "टाक अजून. तळं आटणार आहे काय?"

"टाकते रे बाबा, दम धर!" तिलाही हसू आलं. देवा, किती दिवसांनी!

तिनं भराभरा पाणी ओतलं. वाफ विरळ झाली तेव्हा तिला त्याची पाठ दिसली. मणक्यालगत कातडी उकलली होती आणि आतून बोटाएवढ्या पांढऱ्या छत्र्या वर येत होत्या, तिच्या डोळ्यांदेखत. रक्ताचा टिपूसही नव्हता.

"ओइवा! अरे, काय होतंय तुला?"

"टाक अजून. तळं आटणार आहे काय?" तोच सूर, तेच हसू.

"माझं नाव सांग. ओइवा, माझं नाव काय?"

"टाक अजून. तळं आटणार आहे काय?"

ओइवा केव्हाच गेला होता. आतल्या त्या मेल्या बुरशीनं त्याचा आवाज तेवढा ठेवला होता, तिच्याकडून ऊब मिळवायला. आणि तिनं ती स्वतःच्या हातानं दिली होती.

छत्र्या फुटू लागल्या, हवेत पांढरी धूळ भरली. दार हाताशी होतं. पळावं, बाहेरून कडी लावावी, सगळं जाळून टाकावं, हे तिला कळत होतं. पण बाहेर तो आवाज नव्हता. ती त्याच्या पायाशी बसली, आणि बादलीतलं उरलंसुरलं पाणी तिनं दगडांवर ओतलं.