मागच्या खोलीतली आत्या

दुपारची जेवणं उरकली होती. माहेरी आलेल्या लेखिकाबाईंनी टेबलावर आपल्या लेखाची कच्ची छपाई पसरली होती. धुमसत्या शहरात वाढलेल्या लेखकांनी आपापल्या घराविषयी लिहायचं, असं ते पुस्तक. त्यांच्या वकील भावाने लाल पेनाने त्यातला एक अख्खा परिच्छेद खोडला होता, तोही पट्टी लावून.

"एवढं गाळ," तो म्हणाला. "बाकी झकास. जळालेली गल्ली, बाबांचं दुकान... डोळ्यांत पाणी आलं बघ."

गाळायचा परिच्छेद आत्याचा होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या दंगलीत तिला पळवून नेलं. चार महिन्यांनी ती परतली, तेव्हा सख्ख्या भावाने, म्हणजे लेखिकाबाईंच्या वडिलांनी, तिला मागच्या दाराने आत घेतलं आणि मागच्याच खोलीत ठेवलं. गल्लीला सांगितलं, बहीण गेली. ही कामाची बाई. दीड वर्षाच्या लेखिकाबाई तिच्याच कडेवर वाढल्या आणि बोलायला लागल्यावर तिलाच "ए बाई, पाणी आण" म्हणू लागल्या. वडील वारल्यावर आईने खरं सांगितलं, तेव्हापासून त्यांना स्वतःच्या जिभेची चीड येत होती. भाऊ तर तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं.

अब्रू म्हणे! गुन्हा परक्यांचा, अब्रू घरच्यांची, आणि जन्मभर भांडी कुणी घासायची, तर हिने! त्या गल्लीत अशा आणखीही बाया परतल्या होत्या, आणि घरोघर हेच झालं होतं.

"पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न आहे," भाऊ म्हणाला. "सासरचे वाचतील. कशाला ही ब्याद?"

"ब्याद कोण, दादा? आत्या?"

"शब्दात पकडू नकोस. उपाशी ठेवलं का कुणी तिला?"

"कामवालीला निदान सुट्टी तरी असते!"

तेवढ्यात आत्या ताटं उचलायला आली. लेखिकाबाईंनी खुर्ची ओढली. "आत्या, बस. तुझ्याविषयी लिहिलंय. आधी तुलाच विचारायला हवं होतं."

"तिला काय कळतंय त्यातलं?" भाऊ खेकसला.

आत्या बसली नाही. लेखिकाबाईंनी लाल रेघेखालचा परिच्छेद वाचून दाखवला, तो तिने हातातली ताटं तशीच धरून शेवटपर्यंत ऐकला.

"'बिचारी' हा शब्द काढ," ती म्हणाली. "तीन दिवस एकटी चालत आले मी. बिचारी असते तर पोचले नसते."

"काढते. आणि बाकीचं?"

"राहू दे. त्यात आणखी एक घाल." ती आता भाच्याकडे बघत होती. "तिकडे ते बाहेरून कडी लावायचे. इथे कुणी लावली नाही. तरी चाळीस वर्षं मी कुठे गेले नाही, कारण मला वाटायचं, हे माझं घर आहे."

लेखिकाबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि त्याच दुपारी पानं छापखान्यात धाडली.

पुढच्या महिन्यात ती सासरची मंडळी वाचतील. तुम्ही तर आजच वाचलंत. तुमच्याही घरी कुणाला वर्षानुवर्षं नुसतं 'बाई' म्हणत असाल, तर ती तुमची कोण लागते, हे घरातल्या मोठ्यांना आज विचारा. आणि ते गप्प बसले, तर तिलाच विचारा.